डेको एम४ मेश वायफाय: संच चांगला, पण आधी घरातले आयपी नीट लावा

टीपी-लिंकचा डेको एम४ हा मेश वायफायचा, म्हणजे दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय देणारा संच घ्यावा का? घ्यावा. पण तो बसवल्यावर दोन-चार दिवसांत ‘वायफाय कनेक्टेड दाखवतं, नेट मात्र नाही’, ‘कॅमेरे मधेच गायब होतात’, ‘प्रिंटर सकाळी चालतो, दुपारी नाही’ असं सुरू झालं तर डबे उचलून दुकानात जाऊ नका. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा रेंजमध्ये नसतं. एकाच आयपीवर, म्हणजे नेटवर्कमधल्या एकाच पत्त्यावर, दोन उपकरणं हक्क सांगत असतात, नाहीतर घरात आयपी वाटणारे दोन जण झालेले असतात. सोलापुरात घर आणि धंदा एकाच छपराखाली असणं नेहमीचंच. पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहणं, पेठांमध्ये पुढे दुकान आणि मागे घर. एकाच फायबरवर कॅमेरे, बिलिंगचा संगणक, प्रिंटर, टीव्ही आणि घरच्या सगळ्यांचे मोबाइल असा गोतावळा असतो. म्हणून या परीक्षणात वेगापेक्षा आयपीवर जास्त लिहिलं आहे.

आधी वस्तू पाहू. पांढरा, गोल, साधारण १९ सेंटिमीटर उंच डबा, बाहेर अँटेना नाही. प्रत्येक डब्याला दोन गिगाबिट पोर्ट आहेत आणि येणारी केबल कोणत्या पोर्टात लावायची याचं बंधन नाही, डबा आपलं आपण ओळखतो. वायफाय ५ आहे. ५ गिगाहर्ट्झवर ८६७ आणि २.४ वर ३०० एमबीपीएस, हे कागदावरचे आकडे. डब्यांना एकमेकांशी बोलायला वेगळा बँड नाही, त्यामुळे केबल न लावता जोडलेल्या दुसऱ्या डब्यापाशी वेग सुमारे निम्म्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला एवढं भरपूर झालं. प्लॅन ३०० किंवा त्याहून मोठा असेल तर वायफाय ६ वाला एक्स२० किंवा एक्स५० पाहा. अ‍ॅप तेच आहे, त्यामुळे खाली आयपीबद्दल लिहिलेलं त्यांनाही लागू पडतं.

जुन्या घरांतल्या जाड दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही. डबा भिंतीच्या आड न ठेवता दाराच्या रेषेत ठेवा, चौकाकडे उघडणारं दार असेल तर उत्तम. जुळे सोलापूरच्या दुमजली घरात जिन्याची मधली जागा सगळ्यात चांगली. पत्र्याखाली किंवा माळ्यावर डबा ठेवू नका. त्याची कामाची मर्यादा ० ते ४० अंश आहे आणि सोलापूरचा मे महिना सावलीतच चाळिशी ओलांडतो. मागाच्या शेडमध्ये कापसाचं तूस डब्याच्या जाळीत बसतं आणि आतली उष्णता बाहेर निघत नाही. तिथे डबा मागापासून लांब ठेवा आणि आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा.

आता मुख्य गोष्ट.

फायबरवाला जो डबा बसवून जातो, ओएनटी, तो नुसता मोडेम नसतो. तो स्वतः राउटर असतो आणि डीएचसीपीने, म्हणजे मागेल त्या उपकरणाला आपोआप पत्ता द्यायच्या पद्धतीने, आयपी वाटतो. एअरटेलच्या डब्याचा स्वतःचा पत्ता सहसा १९२.१६८.१.१, जिओचा १९२.१६८.२९.१, हुआवेच्या ओएनटीचा बहुधा १९२.१६८.१००.१. स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेल्या फायबरवर बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ च सापडतो. डेको राउटर मोडमध्ये, म्हणजे स्वतः आयपी वाटेल असा, लावला की त्याच्या आत दुसरं नेटवर्क तयार होतं आणि डेको त्याला १९२.१६८.६८.१ हा पत्ता देतो. हा ६८ मला या संचाचा मोठा गुण वाटतो. बरेच साधे राउटर डोळे मिटून १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, थोडक्यात ०.१ किंवा १.१, घेतात. ओएनटीही १.१ आणि राउटरही १.१ असला तर राउटरला बाहेरची बाजू आणि आतली बाजू एकच वाटते, डेटाचं पाकीट कुठे पाठवायचं ते कळत नाही आणि नेट बंद पडतं. डेकोवर ही पहिलीच अडचण सहसा येत नाही.

तरी आयपीची टक्कर होतेच, आणि ती होण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात जास्त त्रास देणारी वाट म्हणजे माळ्यावरून, कपाटावरून काढलेला जुना राउटर. नवा मेश आला तरी मागच्या खोलीत तो ‘रेंजसाठी असू दे’ म्हणून ठेवतात, आणि डेकोतून निघालेली केबल त्याच्या लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, पोर्टात खोचतात. आता एकाच तारेवर डेकोही आयपी वाटतोय आणि जुना राउटरही. मोबाइलने विचारलं की ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता मोबाइल घेतो. म्हणून एकाच खोलीत एका फोनला १९२.१६८.६८.११५ मिळतो आणि दुसऱ्याला १९२.१६८.०.१०३. दुसऱ्या फोनचा गेटवे, म्हणजे नेटकडे जायचं दार, जुना राउटर असतो आणि त्याच्या वॅन (बाहेरून नेट येणाऱ्या) पोर्टात काहीच नसतं, म्हणून कनेक्टेड दाखवतं पण नेट नाही. फोन बंद-चालू केला की कधी चालतं, कधी नाही, आणि तिथेच माणूस ‘मेश खराब आहे’ म्हणतो.

हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात. अँड्रॉइड फोनच्या वायफायमध्ये नेटवर्कच्या नावापुढचं चाक दाबा आणि गेटवे पाहा. आयफोनवर नावापुढचा ‘आय’ दाबला की राउटर नावाची ओळ दिसते. घरातल्या चार-पाच उपकरणांवर हा आकडा एकच असायला हवा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, जागा सोडून स्लॅश, ऑल असं इंग्रजीत टाइप करा आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ शोधा. तिथे ६८.१ सोडून दुसरा पत्ता दिसला तर चोर सापडला. एकदा बघून थांबू नका. आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू असं चार-पाच वेळा करा, कारण शर्यतीत दर वेळी तोच जिंकेल असं नसतं.

जुना राउटर ठेवायचाच असेल तर तो मुका करून ठेवा. त्याला मेशपासून सोडवा, लॅपटॉप केबलने थेट त्यालाच जोडा. त्याच्या सेटिंगमध्ये लॅनचा पत्ता १९२.१६८.६८.२ करा. तो रीस्टार्ट झाला की नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि तुम्ही बाहेर अडकता. मग डेकोतली केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅन पोर्ट रिकामा राहू द्या. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडचं (आयपी न वाटता नुसतं वायफाय द्यायचं) बटण असलेल्या राउटरवर एवढं करावं लागत नाही.

एक वेगळं लक्षण इथेच सांगतो. घरभर सगळ्यांचं नेट एकदम जातं, मिनिटभरात परत येतं, पुन्हा जातं. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला तर एकदा ओएनटीचं पान उघडतं आणि एकदा जुन्या राउटरचं. म्हणजे टक्कर खुद्द गेटवेच्या पत्त्यावर आहे. हे मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये असताना होतं, कारण तेव्हा ओएनटी आणि जुना राउटर एकाच नेटवर्कवर येतात आणि दोघांचाही पत्ता १.१ असू शकतो. घरातलं प्रत्येक उपकरण ‘१.१ कोण?’ असं विचारतं आणि ज्याचं उत्तर शेवटचं, त्याच्याकडे पाकिटं पाठवतं. वरचाच उपाय चालतो, फक्त पत्ता ओएनटीच्या मालिकेतला, म्हणजे १९२.१६८.१.२ असा द्यायचा.

कॅमेरे

सोलापुरात ज्या घरात शेड, गोडाऊन किंवा दुकान आहे त्या घरात कॅमेरे असतातच, आणि कॅमेरे बसवणारा मेशवाल्याच्या आधी येऊन गेलेला असतो. तो डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) आणि आयपी कॅमेऱ्यांना कायमचा, म्हणजे स्टॅटिक पत्ता देऊन जातो, किंवा कंपनीतून आलेला तसाच ठेवतो. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्याचा मूळ पत्ता १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचा १९२.१६८.१.१०८. एका कंपनीचे दोन नवे कॅमेरे पत्ता न बदलता एका स्विचला (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या डब्याला) लावले की दोघेही १०८ म्हणून उभे राहतात. पडद्यावर मग एकच चित्र आलटून-पालटून दिसतं किंवा एक खिडकी काळी राहते. उपाय सोपा आहे. एका वेळी एकच कॅमेरा जोडा, त्याचा पत्ता बदला, मगच पुढचा जोडा. एनव्हीआरच्या (आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या) स्वतःच्या पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज देणाऱ्या, पोर्टांवर लावलेले कॅमेरे या भानगडीत पडत नाहीत, कारण एनव्हीआर त्यांच्यासाठी आत वेगळं नेटवर्क चालवतो. बाहेरच्या पीओई स्विचवर लावलेले कॅमेरे मात्र घराच्याच नेटवर्कवर येतात.

दुसरी गडबड हळू उमटते. डीव्हीआरला कुणीतरी हाताने १९२.१६८.६८.१०५ दिला आणि डेकोच्या वाटपाच्या पट्ट्यातही १०५ आहे. डेकोला हा पत्ता गेलेला असल्याचं माहीत नसतं, कारण डीव्हीआरने तो मागितलेलाच नाही. काही दिवस सगळं ठीक चालतं. मग पाहुणे येतात, आठ-दहा फोन एकदम जोडले जातात आणि त्यातल्या एकाला १०५ जातो. नियम असा की डीएचसीपी सर्व्हरने पत्ता देण्याआधी त्यावर पिंग करून, म्हणजे हाक मारून, पाहावं आणि घेणाऱ्यानेही वापरण्याआधी ‘हा कुणाचा आहे का’ असं विचारून घ्यावं. पण पिंगला उत्तर न देणारी उपकरणं भरपूर आहेत, विंडोजचा फायरवॉलही ते अडवतो, आणि प्रत्येक स्वस्त कॅमेरा हे नियम पाळेलच असं नाही. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलं की नेमके कॅमेरेच का बंद पडतात, त्याचं कारण हे असतं.

यावर डेकोमध्ये चांगली सोय आहे, ती वापरायला हवी. अ‍ॅपमध्ये मोअर, अ‍ॅडव्हान्स्ड, डीएचसीपी सर्व्हर या वाटेने जाऊन पट्टा स्वतः ठरवा. सुरुवात १९२.१६८.६८.१००, शेवट १९२.१६८.६८.२५०. हे १५१ पत्ते झाले, घराला आणि छोट्या कारखान्याला पुष्कळ. २ ते ९९ हा भाग हाताने द्यायच्या पत्त्यांसाठी राखून ठेवा. जुन्या राउटरला २, प्रिंटरला १०, डीव्हीआरला २० आणि कॅमेऱ्यांना २१ पासून पुढे दिलं की लक्षातही राहतं. त्याहून बरी पद्धत म्हणजे उपकरणावर डीएचसीपी चालू ठेवायचं आणि अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनमध्ये त्याच्या मॅकला (उपकरणाच्या ओळख क्रमांकाला) पत्ता बांधून द्यायचा. मग सगळा हिशोब एका जागी, डेकोकडे राहतो. डीव्हीआरसाठी हेच करा. कॅमेरेवाला ‘स्टॅटिकच पाहिजे’ म्हणाला तर त्याला पत्ता तुम्ही द्या. त्याला निवडू देऊ नका.

मास्क, म्हणजे कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कचे हे ठरवणारा आकडा, ही बारीक गोष्ट इथे फार घोळ करते. बऱ्याच डेको संचांवर सबनेट मास्क २५५.२५५.२५२.० असतो, म्हणजे ६८.० पासून ७१.२५५ पर्यंत सगळं एकच नेटवर्क. त्यामुळे फोनला कधी १९२.१६८.७०.१५ असा पत्ता मिळतो आणि लोक घाबरतात. त्यात काही चूक नाही. चूक होते ती कॅमेरेवाल्याने डीव्हीआरमध्ये सवयीने २५५.२५५.२५५.० टाकला की. फोनच्या हिशोबाने डीव्हीआर शेजारी आहे. डीव्हीआरच्या हिशोबाने मात्र ७०.१५ परगावचा. मग तो उत्तर गेटवेकडे पाठवतो, आणि गेटवेचा रकाना रिकामा सोडला असेल तर उत्तर जातच नाही. दिसायला हुबेहूब आयपी कॉन्फ्लिक्ट, पण टक्कर कुठेच नाही. माझं मत विचाराल तर मोअर, अ‍ॅडव्हान्स्ड, लॅन आयपीमध्ये जाऊन मास्क २५५.२५५.२५५.० करून टाका. हजार पत्ते घरात कुणाला लागत नाहीत, आणि सोलापुरातला कोणताही तंत्रज्ञ हा मास्क न विचारता बरोबर टाकतो. बदलल्यावर डेको रीस्टार्ट होतो आणि सगळी उपकरणं पुन्हा जोडावी लागतात, तेव्हा हे काम दुकान बंद झाल्यावर करा.

‘कॅमेऱ्यांना हात लावायचा नाही, सगळे १९२.१६८.१ मध्येच राहू दे’ असं असेल तर दोन वाटा आहेत. ओएनटी ब्रिज मोडमध्ये गेला, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसता मोडेम झाला असेल किंवा त्याची मालिका वेगळी असेल, तर डेकोचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१ करता येतो आणि कॅमेरे जागचे हलत नाहीत. ओएनटी स्वतः १.१ वर बसलेला असताना हे कधीही करू नका. दुसरी वाट म्हणजे डीव्हीआर ओएनटीच्याच पोर्टात राहू द्यायचा. डेकोवरच्या फोनमधून १९२.१६८.१.१०८ टाकून तो उघडतो, कारण आतून बाहेर जायला वाट असते. फक्त अ‍ॅपमधला ‘आपोआप शोधा’ त्याला शोधत नाही, पत्ता हाताने भरावा लागतो.

केबल कुठून कुठे

डेकोच्या डब्यांना केबलने जोडणं हा दगडी घरासाठी सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि तिथेच एक मोठी चूक होते. ओएनटीतून केबल स्विचमध्ये आणि स्विचमधून तिन्ही डेको. दिसायला सरळ, पण राउटर मोडमध्ये हे चुकीचं. बाकीचे दोन डबे मुख्य डेकोच्या आत असायला हवेत, ते बाहेर ओएनटीच्या नेटवर्कवर पडतात. मग त्यांचा दिवा लाल होतो, नाहीतर त्यांच्यापाशी जोडलेले फोन एका मालिकेतून दुसरीत उड्या मारतात. बरोबर क्रम असा: ओएनटी, त्याच्यापुढे मुख्य डेको, मुख्य डेकोच्या दुसऱ्या पोर्टातून स्विच, आणि स्विचमधून बाकीचे डेको, डीव्हीआर, संगणक. ओएनटीच्या उरलेल्या पोर्टांतून डेकोकडे दुसरी केबल ओढू नका, ‘वेग वाढेल’ म्हणून तर मुळीच नाही.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, आतून शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरट दिसते. आठातली एक तार जरी तुटली तरी जोडणी १००० वरून १०० एमबीपीएसवर येते किंवा पूर्णच तुटते, आणि तसंही खापर वायफायवर फुटतं.

राउटर मोड की अ‍ॅक्सेस पॉइंट? मोअर, अ‍ॅडव्हान्स्ड, ऑपरेशन मोड, एवढ्यात बदलता येतं. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये डेको आयपी वाटणं सोडून देतो, सगळं ओएनटी बघतो. घरात आयपी वाटणारा एकच राहतो, टकरीचं मोठं कारण मुळातून जातं. ज्याला कॅमेरे आधीच ओएनटीच्या मालिकेत नीट लागलेले आहेत आणि फक्त रेंज हवी आहे, त्याने हाच मोड घ्यावा. पण डेकोचं पालक नियंत्रण, अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट देणं) या सोयी त्यात मिळत नाहीत. पट्टा आणि राखीव पत्ते मग ओएनटीत ठरवावे लागतात, आणि अनेक ओएनटींचा पूर्ण पासवर्ड ग्राहकाकडे नसतो. म्हणून मुलांच्या मोबाइलवर वेळेचं बंधन हवं असेल किंवा उपकरणं वीसच्या वर असतील, तर राउटर मोडच बरा. केबलवाला ओएनटी ब्रिज करून द्यायला तयार असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच्याकडून पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युझरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (लाइनवर नेटचा वेगळा कप्पा दाखवणारा) क्रमांक हे तिन्ही लिहून घ्या. व्हीलॅन राहून गेला तर बाकी सगळं बरोबर असूनही नेट चालू होत नाही.

कोणत्याही मोडमध्ये असा, ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं की निम्मे फोन तिकडे, निम्मे डेकोवर, आणि एका खोलीतल्या फोनला शेजारच्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही.

वीज

वीज गेली-आली की टक्कर होते, हा अनुभव शहरभर ऐकू येतो आणि त्याला कारण आहे. कुणाला कोणता पत्ता दिला ही यादी बरेच घरगुती राउटर बंद होताच विसरतात. फोनचं वायफाय राउटरबरोबर तुटतं, म्हणून तो परत येताना नव्याने विचारतो आणि सहसा जुनाच पत्ता मागतो. पण इन्व्हर्टरवरच्या स्विचला केबलने जोडलेला संगणक किंवा एनव्हीआर बंदच झालेला नसतो. त्याला राउटर मेला हे कळतही नाही, तो जुना पत्ता धरून बसतो आणि निम्मी मुदत उलटल्यावरच नूतनीकरणाला जातो. तोवर राउटरने तोच पत्ता दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. उपाय दोन. ओएनटी, मुख्य डेको आणि स्विच हे तिन्ही एकाच इन्व्हर्टर पॉइंटवर घ्या, एक आत आणि एक बाहेर असं नको. आणि केबलवरच्या प्रत्येक उपकरणाला राखीव पत्ता द्या. इन्व्हर्टर बदलताना क्षणभर झटका बसून डबे रीस्टार्ट होत असतील तर राउटरचा छोटा डीसी यूपीएस लावा, पण डब्याच्या तळाशी छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच.

नेमका कोण भांडतोय हे शोधायचं असेल तर विंडोजचा संगणक कामाला येतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टम लॉगमध्ये क्रमांक ४१९९ शोधा. त्यात वादातला आयपी आणि समोरच्याचा मॅक पत्ता दोन्ही लिहिलेले असतात. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते, फिंगसारखं अ‍ॅप ती थेट नावानिशी दाखवतं. संगणकावर नोंद नसेल तर संशयित उपकरणाची केबल काढा आणि त्याच्या पत्त्यावर पिंग करा. केबल हातात असूनही उत्तर आलं तर त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी बसलंय. लगेच आर्प, जागा सोडून वजा ए टाइप करा, त्याचा मॅक समोर येईल.

मॅक वाचताना एक खूण लक्षात ठेवा. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक कंपनीचा नसून फोनने स्वतः बनवलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन असं करतात. एका नेटवर्कसाठी तो सहसा तोच राहतो, पण नेटवर्कचं नाव बदललं की नवा तयार होतो. म्हणून मेश लावताना वायफायचं नाव बदललंत की फोनसाठी केलेलं जुनं रिझर्व्हेशन वाया जातं. फोनला राखीव पत्ता द्यायचाच असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये खासगी मॅक आधी बंद करा.

आता डेकोची खरी उणीव. या सगळ्या शोधात त्याचं अ‍ॅप फारशी मदत करत नाही. प्रत्येक उपकरणाचा आयपी आणि मॅक दिसतो, पण दोन जण एकाच पत्त्यावर भांडताहेत असा साधा इशारा अ‍ॅप देत नाही. ब्राउझरमधून टीपीलिंकडेको डॉट नेट उघडलं तर लॉग (नोंदी) पाहता येतो आणि फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) बदलता येतं, बाकी सेटिंगसाठी पुन्हा अ‍ॅपच. शिवाय अ‍ॅपला ईमेलने खातं काढावं लागतं. जो माणूस दुकान सांभाळत घरचं नेटवर्कही बघतो, त्याच्यासाठी ‘१०५ वर दोन उपकरणं आहेत’ ही एक ओळ सोन्याची ठरली असती. ती नाही म्हणून हिशोब आपल्यालाच ठेवावा लागतो. डीव्हीआरच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा आणि त्यावर गेटवे, मास्क, वाटपाचा पट्टा आणि प्रत्येक कायम पत्ता लिहा. पुढच्या वेळी कॅमेरेवाला येईल तेव्हा तुम्ही घरी नसलात तरी कागद असेल.

किती डबे घ्यायचे? जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटला दोन डबे पुरतात, तिसरा घेऊन गर्दीच होते. दगडी भिंतींचं लांबट घर, किंवा वर घर आणि खाली शेड असेल तर तीन घ्या आणि खालच्या डब्याला केबल ओढाच, कारण स्लॅबमधून तो नीट बोलणार नाही. घरात पंधराच्या आत उपकरणं आहेत, कॅमेरे नाहीत आणि एकाच राउटरची रेंज सगळीकडे पोचते, अशा घरात मेशवर पैसे घालू नका. तिथे ओएनटी कपाटातून बाहेर काढून मोकळ्या जागी ठेवला तरी काम होतं.